गच्चीवरून उपग्रह दिवसातून किती वेळा सापडतो? कागद-पेन्सिलीने हिशेब करायची रीत

पहिल्यांदा रेडिओ घेऊन उपग्रहांचे संदेश ऐकायला पुण्यातल्या आमच्या गच्चीवर गेलो, तेव्हा माझी एक साधी समजूत होती. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, म्हणजे दर दीड तासाने ते आपल्यावरून जाणार. संध्याकाळी सातच्या सुमाराला एक पास, म्हणजे स्थानकाचं एकदा वरून जाणं, ऐकू आला. साडेआठला आणखी एक आला, जरा अस्पष्ट. मग दहाला काही नाही, साडेअकराला काही नाही. अँटेना मोडली असं समजून मी रात्री एक वाजता सोल्डरिंग गन गरम करत बसलो होतो. अँटेना धडधाकट होती, चुकला होता माझा हिशेब.

नव्याने या छंदात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथे अडते. ॲप उघडलं की पासांची यादी मिळते, पण ती तशी का आहे हे कळत नाही, आणि कारण कळलं नाही तर कुठल्या पासासाठी रात्रीची झोप मोडायची हेही ठरवता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की एकदा तरी हा हिशेब हाताने करा. लागतो फक्त एक कॅल्क्युलेटर, ज्यावर कोसाइनचं बटण आहे.

आधी 'दिसणं' म्हणजे काय ते पक्कं करू

डोळ्यांना दिसणं वेगळं आणि रेडिओला दिसणं वेगळं. अवकाश स्थानक डोळ्यांना दिसायचं तर खाली अंधार हवा आणि वर त्याच्यावर ऊन पडलेलं हवं, म्हणून ते दिवेलागणीनंतर किंवा पहाटे दिसतं. रेडिओला यातलं काही लागत नाही. उपग्रह क्षितिजाच्या वर आहे आणि मधे भिंत, डोंगर नाही, एवढं पुरे. काही संकेतस्थळं आणि ॲप्स मूळ सेटिंगमध्ये फक्त डोळ्यांना दिसणारे पासच दाखवतात. रेडिओ ऐकायचा असेल तर 'सर्व पास' हा पर्याय निवडा, नाहीतर भर दुपारचे उत्तम पास तुमच्या यादीत येणारच नाहीत.

या लेखात 'दिसणं' म्हणजे रेडिओला दिसणं. उपग्रह क्षितिजावर येतो तो त्याचा उदय, खाली जातो तो अस्त, आणि मधला काळ म्हणजे पास. आकाशात तो क्षितिजापासून किती अंश वर आहे तो उन्नतांश. क्षितिज म्हणजे ०, डोक्यावर ९०.

पायरी १ : एका फेरीत पृथ्वी किती सरकते?

उपग्रहाच्या कक्षेची माहिती दोन ओळींच्या आकड्यांत मिळते. त्याला सगळे टीएलई म्हणतात आणि सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावर ती मोफत आहे. अवकाश स्थानकाचा यादीतला क्रमांक २५५४४. त्याच्या दुसऱ्या ओळीत या क्रमांकाच्या लगेच पुढे ५१.६ च्या आसपासचा आकडा असतो, तो कक्षेचा कल, म्हणजे ती विषुववृत्ताशी करते तो कोन. ओळीच्या शेवटाकडे १५.५ च्या आसपासचा आकडा असतो, त्या दिवसभरातल्या फेऱ्या. दिवसाची १४४० मिनिटं भागिले १५.५, म्हणजे एक फेरी सुमारे ९३ मिनिटांची.

आता पृथ्वी स्वतःभोवती ४ मिनिटांत १ अंश फिरते. ९३ मिनिटांत ती २३ अंशांहून किंचित जास्त पूर्वेकडे सरकलेली असते. उपग्रह आपल्या जुन्याच वाटेने येतो, पण खालची जमीन पुढे गेलेली असते. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे १८.५ अंश उत्तरेला, रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.५ किलोमीटरचा भरतो. म्हणजे पुढची फेरी आधीच्या फेरीच्या सुमारे २४५० किलोमीटर पश्चिमेकडून जाते. माझे दहाचे आणि साडेअकराचे पास का आले नाहीत, त्याचं उत्तर इथेच आहे. तोवर त्याची वाट अरबी समुद्र ओलांडून पार पलीकडे गेली होती.

पायरी २ : आपलं वर्तुळ किती मोठं?

उपग्रहाच्या बरोबर खाली जमिनीवर एक बिंदू कल्पा. तो बिंदू तुमच्यापासून ठरावीक अंतराच्या आत आला की उपग्रह तुमच्या क्षितिजावर उगवतो. हे अंतर काढायचं असं : पृथ्वीची त्रिज्या ६३७१ ला (६३७१ + उपग्रहाची उंची) ने भागा, येणाऱ्या संख्येचा व्यस्त कोसाइन अंशांत काढा आणि त्याला १११.२ ने गुणा. स्थानकाची उंची ४२० किलोमीटर धरली तर २०.३ अंश येतात, म्हणजे सुमारे २२५० किलोमीटर. पुण्याहून दुबई २०५० किलोमीटरच्या आसपास आहे. स्थानक दुबईच्या माथ्यावर असताना पुण्याच्या क्षितिजावर ते नुकतंच उगवलेलं असतं.

पण क्षितिजाला टेकलेला उपग्रह कामाचा नसतो. झाडं, इमारती आणि गावभरचा विजेचा गोंगाट सगळा तिथेच असतो. शिवाय क्षितिजावरचं स्थानक तुमच्यापासून सुमारे २३५० किलोमीटर दूर असतं आणि डोक्यावर आलेलं ४२०. एवढ्या फरकाने संदेश सुमारे ३० पट क्षीण होतो. म्हणून भूस्थानकवाले, म्हणजे जमिनीवरून उपग्रहांशी बोलणारे, १० अंशांच्या वरचाच वेळ मोजतात. त्यासाठी वरच्या रीतीत एक भर घाला : भागाकाराला आधी १० अंशांच्या कोसाइनने गुणा, मग व्यस्त कोसाइन काढा, आणि आलेल्या कोनातून १० वजा करा. स्थानकासाठी १२.५ अंश म्हणजे सुमारे १३९० किलोमीटर मिळतात. वर्तुळ एकदम आक्रसलं. दिल्ली आणि कन्याकुमारी त्यात बसतात, कोलकाता बाहेर पडतं.

साध्या अँटेनावर खणखणीत ऐकू यायचं तर मी ३० अंश धरतो. तेव्हा वर्तुळ जेमतेम ६३० किलोमीटरचं उरतं. नकाशात बघायचं तर स्थानक नागपूरच्या डोक्यावर असलं की पुण्यातून ते ३० अंशांवर दिसतं. हे मला फार उपयोगी पडतं, कारण ॲपमधल्या नकाशावर नुसती नजर टाकली तरी पास कसा असेल त्याचा अंदाज येतो. उत्तरेला अहमदाबाद, पूर्वेला हैदराबाद, दक्षिणेला गोवा, या पट्ट्यातून वाट जात असेल तर मी कामं बाजूला ठेवतो.

पायरी ३ : भागाकार

दोन शेजारच्या वाटांमधलं अंतर ठाऊक आहे, वर्तुळाचा व्यास ठाऊक आहे. व्यासात किती वाटा बसतात ते बघायचं. स्थानकाच्या वाटा पुण्यावरून तिरक्या जातात, साधारण ४५ अंशांत, त्यामुळे २४५० हे पूर्व-पश्चिम अंतर काटकोनात मोजलं तर सुमारे १७५० भरतं. शून्य अंशाचा व्यास ४५००, भागिले १७५०, म्हणजे अडीच. प्रत्येक कक्षा तुमच्यावरून दिवसात दोनदा फिरते, एकदा खालून वर ईशान्येकडे जाताना आणि एकदा वरून खाली आग्नेयेकडे उतरताना. म्हणून दुप्पट : दिवसाला सुमारे पाच पास. १० अंशांच्या वरचे मोजले तर तीन. ३० अंशांच्या वरचे दीड, म्हणजे दोन दिवसांत तीन.

पंधरा फेऱ्यांपैकी पाच, त्यातले कामाचे दीड. आणि वेळ किती? डोक्यावरून जाणारा पास क्षितिजापासून क्षितिजापर्यंत साडेदहा मिनिटांच्या आसपास चालतो, पण १० अंशांच्या वर साडेसहाच मिनिटं. बाजूने जाणारे पास त्याहून छोटे. सरासरी पाच मिनिटांचे तीन पास धरले तर दिवसाच्या १४४० मिनिटांतली पंधरा. एक टक्का. अशा उंचीवरच्या उपग्रहासाठी पुण्यात एकच भूस्थानक असेल, तर दिवसातला नव्व्याण्णव टक्के वेळ त्याच्याशी बोलणं होत नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात गेला. असा उपग्रह बांधणाऱ्या पोरांना दिवसभरात त्याची हाक ऐकायला एवढीच काही मिनिटं मिळतात, हे आकड्यांत कळल्यावर मला त्यांच्या कामाची किंमत जास्त कळली.

पास येतात ते झुंडीने

नवख्याला सगळ्यात जास्त चकवतं ते हे, म्हणून इथे जरा थांबू. पाच पास म्हणजे दर पाच तासांनी एक, असं कधीच नसतं. वर चढणाऱ्या वाटांचे दोन-तीन पास दीड-दीड तासाच्या अंतराने ओळीने येतात, मग मोठा खंड पडतो, मग उतरणाऱ्या वाटांचे दोन-तीन येतात. पुण्याहून स्थानकासाठी चढत्या झुंडीच्या मध्यापासून उतरत्या झुंडीच्या मध्यापर्यंत सुमारे दहा तास जातात, आणि तिथून पुन्हा चढत्या झुंडीपर्यंत चौदा.

शिवाय हे घड्याळही स्थिर नसतं. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्यामुळे स्थानकाच्या कक्षेचं प्रतल, म्हणजे ती ज्या सपाट पृष्ठावर असते ते, रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे वळतं. त्यात पृथ्वीचं सूर्याभोवती फिरणं मिळवलं की झुंड रोज साधारण २४ मिनिटं आधी येते. आज संध्याकाळी आठला आलेली झुंड पंधरा दिवसांनी दुपारी दोनच्या आसपास येईल. नोकरी सांभाळून ऐकणाऱ्यांनी हे कॅलेंडरवर मांडून ठेवावं. संध्याकाळचे पास हातातून निसटले तर महिनाभर थांबायची तयारी हवी, मग दुसरी झुंड संध्याकाळकडे सरकत येते.

हवामान उपग्रहांचं तसं नाही. रशियाचे मेटिओर-एम २-३ आणि २-४ सुमारे ८२० किलोमीटरवर, ध्रुवांजवळून जाणाऱ्या सूर्यस्थिर कक्षेत आहेत. त्यांच्या कक्षेचं प्रतल सूर्याच्या गतीनेच वळतं, म्हणून त्यांच्या झुंडी वर्षभर घड्याळाच्या त्याच त्याच वेळांच्या आसपास, बारा तासांच्या अंतराने येतात. उंची जास्त असल्याने वर्तुळही मोठं : शून्य अंशाला ३०७० किलोमीटर, १० अंशांना २१४०, ३० अंशांना ११००. एक फेरी १०१ मिनिटांची, आणि डोक्यावरचा पास पंधरा मिनिटांचा. पायरी तीनचा भागाकार करून बघा, दिवसाला चार-पाच पास येतील आणि १० अंशांच्या वरचे तीन-चार. नवख्याने सुरुवात मेटिओरपासून करावी असं मी सांगतो, ते याचसाठी.

जुन्या लेखांत नोआ-१५, १८ आणि १९ या हवामान उपग्रहांची नावं हमखास सापडतील. ते तिन्ही २०२५ मध्ये बंद केले गेले, त्यांची वाट बघत बसू नका.

पायरी ४ : कक्षेचा कल आणि तुमचा अक्षांश

कल जितका, तितक्याच अक्षांशापर्यंत उपग्रह उत्तर-दक्षिण जातो. हबल दुर्बिणीचा कल २८.५ अंश आहे. ती पुण्याच्या माथ्यावरून जाते, पण लंडनमधल्या मराठी मित्राला ती कधीच क्षितिजावर येताना दिसणार नाही. तिथला अक्षांश ५१.५, आणि हबलचं वर्तुळ सुमारे २२ अंशांचं. २८.५ अधिक २२ म्हणजे ५०.५. एका अंशाने हुकतं.

उलट उदाहरण ॲस्ट्रोसॅटचं. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेली ही भारताची अवकाश वेधशाळा सुमारे ६५० किलोमीटरवर, फक्त ६ अंश कलाच्या कक्षेत ठेवली. अशी कक्षा विषुववृत्ताला धरून असते, त्यामुळे फेरी सरकली तरी ती त्याच पट्ट्यात राहते, आणि बंगळुरूला, १३ अंशांवर, दिवसातल्या बहुतेक फेऱ्या सापडतात. तिच्यावरच्या एका क्ष-किरण उपकरणाचं काम पुण्यात आयुका या खगोल संशोधन केंद्रात चालतं, पण पुण्याच्या गच्चीवरून ती दक्षिणेला खाली क्षितिजाजवळूनच जाते.

ध्रुवीय कक्षांसाठी हेच तत्त्व उलटं लावतात. सगळ्या वाटा ध्रुवाजवळ एकत्र येतात, म्हणून नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या, ७८ अंश उत्तरेच्या भूस्थानकाला अशा उपग्रहाच्या दिवसातल्या चौदाच्या चौदा फेऱ्या मिळतात. आपल्याकडे दूरसंवेदन उपग्रहांची माहिती हैदराबादजवळ शादनगरला उतरते, आणि अंटार्क्टिकातल्या भारती स्थानकावरही त्यासाठी अँटेना उभारली आहे. तिथे ती का, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

भूस्थिर उपग्रहांबद्दल फार बोलायला नको. ३५,७८६ किलोमीटरवर त्यांची फेरी पृथ्वीच्या फिरण्याबरोबरची, म्हणून ते कायम एकाच जागी दिसतात, आणि घरावरची टीव्हीची डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही.

पायरी ५ : तुमच्या गच्चीचं खरं क्षितिज

इथवरचा सगळा हिशेब मोकळ्या माळरानाचा आहे. शहरात क्षितिज आपल्याला शेजारी ठरवून देतात. एका रविवारी अर्धा तास काढा, कागदावर वर्तुळ काढा, फोनमधल्या होकायंत्राने दर ३० अंशांवर एक दिशा घ्या, आणि त्या दिशेला मोकळं आकाश किती अंशांपासून सुरू होतं ते लिहा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंशांची असते. मुठीवर मूठ ठेवत मोजत जायचं. आमच्याकडे पश्चिमेला शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी २२ अंशांपर्यंत येते, दक्षिणेला ८ अंशांवरच आकाश मोकळं.

हा कागद झाला की ध्यानात येईल, की सगळे अडथळे सारखे नसतात. मेटिओर उत्तर-दक्षिण जातो. उत्तरेला किंवा दक्षिणेला इमारत असेल तर प्रत्येक पासाची सुरुवातीची किंवा शेवटची एक-दोन मिनिटं जातात, त्याने पाठवलेल्या चित्राची कड कापली जाते. पण पूर्वेला किंवा पश्चिमेला इमारत असेल तर त्या बाजूने खालून जाणारा अख्खा पासच जातो. गच्चीवर अँटेनासाठी दोन कोपरे उपलब्ध असतील तर पूर्व-पश्चिम मोकळी असलेला निवडा. महागड्या अँटेनाने मिळणार नाही एवढा फायदा मला अँटेना कोपरा बदलून दहा मीटर हलवल्याने झाला.

पायरी ६ : आता सॉफ्टवेअर

संगणकावर जीप्रेडिक्ट, फोनवर लूकफोरसॅट, दोन्ही मोफत. अक्षांश, रेखांश आणि किमान उन्नतांश भरा. पश्चिमेचा की पूर्वेचा रेखांश हे नीट बघा, पुण्याचं ७३.९ पूर्व आहे. वेळ भारतीय आहे की जागतिक प्रमाणवेळ, तेही बघा. साडेपाच तासांचा घोळ घालून मी एकदा मध्यरात्री रिकाम्या आकाशाकडे अँटेना धरून उभा होतो, त्या दिवसापासून वहीत दोन्ही वेळा लिहितो.

टीएलई ताजी ठेवा. वरच्या विरळ हवेचं घर्षण रोज बदलतं, आणि अवकाश स्थानकाला अधूनमधून इंजिन चालवून वर ढकलतात. दोन-तीन दिवसांची माहिती चालते, महिन्यापूर्वीची चालत नाही. ॲपची यादी आली की तुमच्या हातच्या हिशेबाशी ताडून बघा. दिवसाला बारा पास दाखवत असेल तर जागा चुकली आहे किंवा भलताच उपग्रह निवडला गेला आहे.

पायरी ७ : ऐकायला बसताना

मेटिओरसाठी १३७.१ किंवा १३७.९ मेगाहर्ट्झ, आरटीएल-एसडीआरचा डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ), सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन दांड्या १२० अंशांच्या कोनात आडव्या पसरलेल्या, आणि चित्र उलगडायला सॅटडंप हे सॉफ्टवेअर. अवकाश स्थानकाचं डिजिटल पॅकेट १४५.८२५ वर, आवाज आणि चित्रं पाठवायची असतात तेव्हा १४५.८०० वर. उदयाला कंप्रता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर असते आणि अस्ताला तेवढीच खाली, तो डॉप्लरचा परिणाम. पास बरोबर मध्यावर आला की कंप्रता झरझर उतरते, आणि तो उतार दिसला की खात्री पटते, हे खरंच वरून येतंय. रेडिओवरून स्वतः संदेश पाठवायचा असेल तर हौशी रेडिओचा परवाना आधी काढा.

प्रत्येक पासाची वहीत एक ओळ : उदयाची अंदाजी वेळ, पहिला आवाज आला ती वेळ, सर्वोच्च उन्नतांश, दिशा, आवाज गेला ती वेळ. वीस ओळी झाल्या की तुमच्या गच्चीचा किमान उन्नतांश तुमच्या हातात येतो, मग ॲपमधला १० चा आकडा पुसून तो भरा.

दुसरं भूस्थानक जोडायचं असेल तर

सॅटनॉग्स या जाळ्यात जगभरचे हौशी लोक आपापली भूस्थानकं एकमेकांना वापरू देतात. पुण्याच्या जोडीला नागपूरचा मित्र मिळाला तर अवकाश स्थानकाच्या बाबतीत फारसा नवा वेळ मिळत नाही, कारण ६२० किलोमीटरवरची दोन वर्तुळं बरीचशी एकमेकांवरच पडतात. गुवाहाटी चांगलं, अंतर सुमारे २००० किलोमीटर. आणि मॉरिशस सगळ्यात उत्तम. तिथे मराठी बोलणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे, इस्रोचंही एक भूस्थानक आहे, आणि पुण्याहून अंतर साडेचार हजार किलोमीटरहून जास्त. म्हणजे अवकाश स्थानकासाठी दोन वर्तुळं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, तिथलं प्रत्येक मिनिट पूर्णपणे नवं. तिकडे कोणी नातलग असेल आणि त्याच्या घराला गच्ची असेल, तर पुढच्या भेटीत एक डोंगल नक्की घेऊन जा.